सिनेटरांच्या मतांचा हिशेब
अमेरिकेतील करविधेयक मंजूर होणार की अडणार, हे कसे ओळखावे?

अमेरिकेच्या सिनेटमध्ये एखादे करविधेयक आले, की वर्तमानपत्रांत रोज नवी बातमी येते. आज अमुक सिनेटर नाराज, उद्या तमुकाचा विरोध जाहीर, परवा विधेयक बारगळण्याची शक्यता. आणि चौथ्या दिवशी ते मंजूर झालेले असते. वाचणारा गोंधळून जातो. त्या दूरदेशीच्या भांडणाशी आपला काय संबंध, असेही काही व्यापारी बांधव म्हणतील. पण संबंध आहे, आणि तो थेट गल्ल्याशी आहे.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार, परदेशातील आपल्या लोकांनी भारतात पाठवलेल्या पैशांपैकी २७.७ टक्के एकट्या अमेरिकेतून आले. हा पैसा ज्या राज्यांत आला, त्यांत २०.५ टक्के वाट्यासह महाराष्ट्र पहिला होता. २०२५ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जे करविधेयक आले, त्याच्या पहिल्या मसुद्यात अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांनी मायदेशी पाठवलेल्या रकमेवर ५ टक्के कर होता. त्या सभागृहाने २२ मे रोजी विधेयक मंजूर केले, तेव्हा तो ३.५ टक्के झाला होता. सिनेटमधून विधेयक बाहेर पडले तेव्हा तो १ टक्क्यावर आला, आणि तोही रोख, मनीऑर्डर वा तशाच साधनाने पाठवलेल्या रकमेपुरता. बँक खात्यातून किंवा अमेरिकेत दिलेल्या कार्डावरून पाठवलेली रक्कम त्यातून सुटली. १ जानेवारी २०२६ पासून हा कर लागू झाला.

म्हणजे लाख रुपयांमागे आधी ५,००० जाणार होते, शेवटी १,००० किंवा काहीच नाही असे झाले. भाऊ किंवा मुलगा अमेरिकेत आहे आणि त्याच्या पैशावर दुकानात माल भरायचा आहे, अशा माणसाने मे महिन्यात काय करावे? घाईने रक्कम मागवावी की थांबावे? हे ठरवायचे तर विधेयक कोणत्या रूपात पार पडेल याचा अंदाज हवा. तो कसा बांधतात, हे आम्ही येथे सांगत आहोत.

आपली रीत आणि तिकडची रीत

आपल्याकडे पक्षाने व्हिप काढला, की खासदार सहसा त्याप्रमाणेच मत देतो. तो मोडला तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे आपल्या संसदेत पक्ष मोजले की बहुतेक काम होते. जीएसटीची घटनादुरुस्ती कित्येक वर्षे रखडली होती. पण पक्षांचे आपसांत जमल्यावर ३ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यसभेत ती २०३ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाली.

अमेरिकेत असा कायदा नाही. पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून सिनेटरची जागा जात नाही. पुढच्या निवडणुकीत पक्षाचे मतदार रागावतील, एवढीच भीती. सबब तेथे पक्ष मोजून भागत नाही, माणसे मोजावी लागतात.

आधी बेरीज

सिनेटमध्ये १०० सदस्य असतात. वादग्रस्त विधेयकावरील चर्चा संपवून ते मताला टाकण्यासाठी एरवी ६० मते लागतात. मात्र अर्थसंकल्पाशी निगडित विधेयकांसाठी रिकन्सिलिएशन नावाची खास पद्धत आहे. तिच्यात साधे बहुमत पुरते, आणि ५०-५० अशी बरोबरी झाली तर उपाध्यक्ष निर्णायक मत देतात. अलीकडची मोठी करविधेयके याच वाटेने गेली आहेत.

म्हणून पहिला प्रश्न असा, की सत्ताधारी पक्षाला किती मते गमावणे परवडते? २०१७ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे ५२ सिनेटर होते; दोन गेले तरी चालत होते. २०२२ मध्ये डेमोक्रॅट बाजूला ५० होते. एकही जाऊन चालणार नव्हते. २०२५ मध्ये रिपब्लिकन ५३ होते. तिघांपर्यंत सवलत होती. शंभरांपैकी नव्वदांहून अधिकांचे मत तर आधीच ठाऊक असते. सारा खेळ उरलेल्या सात-आठ जणांचा.

गिऱ्हाईक कोणते, घासाघीस करणारे की उठून जाणारे?

दुकानदाराला हे शिकवावे लागत नाही. "फार महाग सांगता" म्हणत जो गादीवर बसून राहतो, तो माल घेणार. त्याला भाव कमी करून हवा असतो. ज्याला तो रंगच नको आहे, तो कमी बोलतो आणि निघून जातो. त्याला निम्म्या भावात देऊ केले तरी उपयोग नाही. सिनेटरांचेही असेच आहे. "विरोध आहे" हे शब्द दोघांच्याही तोंडी असतात. पाहायचे ते हे, की त्याची मागणी विधेयकात चार ओळी घालून पुरी करता येते का?

२०१७ चे उदाहरण घेऊ. कंपन्यांवरील कर ३५ टक्क्यांवरून थेट खाली आणणारे हे विधेयक होते. शेवटी तो दर २१ टक्के ठरला. विस्कॉन्सिनचे रॉन जॉन्सन यांनी नोव्हेंबरात विरोध जाहीर केला. त्यांचे म्हणणे असे, की मोठ्या कंपन्यांना सूट भरपूर आणि ज्या धंद्यांचा नफा मालकाच्या वैयक्तिक उत्पन्नात धरला जातो, त्यांना कमी. अशा धंद्यांची वजावट १७.४ टक्क्यांवरून २३ टक्के केली गेली आणि जॉन्सन यांचे मत मिळाले. (अंतिम कायद्यात ती २० टक्के झाली.) मेनच्या सुझन कॉलिन्स यांना स्थानिक मालमत्ता कराची १०,००० डॉलरपर्यंत वजावट हवी होती, ती मिळाली. अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की यांना आपल्या राज्यातील राखीव प्रदेशात तेल काढण्याची परवानगी हवी होती. तीही विधेयकात आली. फ्लोरिडाचे मार्को रुबिओ डिसेंबरात मुलांसाठीच्या करसवलतीवरून अडले. गरीब कुटुंबांना परत मिळू शकणारी रक्कम १,१०० वरून १,४०० डॉलर झाली आणि त्यांचेही मत पडले.

उरले टेनेसीचे बॉब कॉर्कर. त्यांची तक्रार सरकारी कर्ज वाढण्याची होती. विधेयकाचा गाभाच कर कमी करण्याचा. त्यात ही मागणी बसणार कशी? महसूल घटला तर कर आपोआप वाढावा अशी तरतूद त्यांनी सुचवली, पण ती सिनेटच्या नियमांत बसली नाही. २ डिसेंबर २०१७ च्या पहाटे विधेयक ५१ विरुद्ध ४९ मतांनी मंजूर झाले. विरोधात गेलेले एकमेव रिपब्लिकन कॉर्कर होते.

दोन ठिकाणी अंदाज फसतो

पहिले ठिकाण म्हणजे मागचे मत. त्याच वर्षी २८ जुलैला आरोग्य विम्याचा जुना कायदा मोडण्याचा प्रयत्न कॉलिन्स, मर्कोव्स्की आणि जॉन मॅकेन या तीन रिपब्लिकनांनी हाणून पाडला होता. म्हणून करविधेयकही हेच तिघे पाडतील, असा हिशेब मांडणे सोपे होते. तिघांनीही करविधेयकाला मत दिले. विषय बदलला की माणसाचे गणितही बदलते.

दुसरे ठिकाण म्हणजे मतदारसंघ. ट्रम्प जिंकलेल्या वेस्ट व्हर्जिनिया, नॉर्थ डकोटा व इंडियाना या राज्यांतील डेमोक्रॅट सिनेटरांना २०१८ मध्ये निवडणूक लढवायची होती. ते घाबरून विधेयकाकडे झुकतील, असे वाटण्यासारखे होते. एकही झुकला नाही. त्यांना द्यावे असे विधेयकात काही घातलेच नव्हते, आणि सत्ताधाऱ्यांना त्यांच्या मतांची गरजही पडली नाही. गरज नसलेल्या मताला कोणी भाव देत नाही.

कॉर्कर यांचीही पुढची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २० डिसेंबरला अंतिम मतदान झाले तेव्हा त्यांनी बाजू बदलून होकार दिला, जरी कर्जाबाबत त्यांच्या मनासारखे काही झाले नव्हते. ते पुढची निवडणूक लढवणार नव्हते आणि दोन्ही वेळा निकाल त्यांच्या मतावर अडला नव्हता. अशा मोकळ्या माणसाचा अंदाज बांधणे सर्वांत कठीण.

दुसऱ्या पक्षातही तेच दिसते. पश्चिम व्हर्जिनियाचे जो मॅन्चिन यांनी १९ डिसेंबर २०२१ रोजी डेमोक्रॅट पक्षाच्या मोठ्या विधेयकाला दूरचित्रवाणीवर साफ नकार दिला. पुढच्या जुलैत आटोपशीर मसुद्यावर त्यांचा सौदा झाला. मग अॅरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा अडल्या. गुंतवणूक फंडांच्या चालकांवरील वाढीव कर त्यांनी काढायला लावला. ७ ऑगस्ट २०२२ रोजी ते विधेयक ५१ विरुद्ध ५० मतांनी पार पडले.

२०२५ चा ताळा

आता ही रीत २०२५ च्या विधेयकाला लावून पाहू. केंटकीचे रँड पॉल यांना कर्जमर्यादा ५ लाख कोटी डॉलरने वाढवणे अमान्य होते. ती वाढ विधेयकाच्या मुळाशी होती. नॉर्थ कॅरोलिनाचे थॉम टिलिस यांना गरिबांच्या आरोग्य योजनेतील कपात मान्य नव्हती. २९ जूनला त्यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले, म्हणजे धमकावण्याचे साधनच संपले. कॉलिन्स यांचे राज्य २०२४ मध्ये विरोधी पक्षाकडे गेले होते आणि त्यांची मुदत २०२६ अखेर संपत होती. त्यांनी विधेयक चर्चेला घेण्यास होकार दिला, पण अंतिम मत विरोधात टाकले. दोन मतदानांतील हा फरक बातमी वाचताना जरूर पाहावा.

तिघे गेल्यावर मर्कोव्स्की यांचे मत निर्णायक ठरले, आणि शेवटच्या मताची किंमत सर्वांत जास्त असते. ग्रामीण आरोग्यसेवेसाठीचा निधी दुप्पट करून ५,००० कोटी डॉलर केला गेला. अलास्कातील व्हेल माशाच्या शिकारी नौकांच्या कप्तानांची खर्च-वजावटसुद्धा १०,००० वरून ५०,००० डॉलर झाली. त्यांनी होकार दिला आणि लगेच, प्रतिनिधिगृहाने विधेयक सुधारावे, असेही बोलून दाखवले. १ जुलैला ५०-५० मते पडली, उपाध्यक्ष व्हान्स यांनी आपले मत टाकले, आणि ४ जुलैला कायदा झाला. प्रतिनिधिगृहाने काहीही सुधारले नाही.

वाचकांनी काय करावे?

पुढच्या वेळी अशी बातमी आली, की पाच प्रश्न कागदावर लिहावेत. किती मते हवीत? अडलेले सिनेटर कोण? प्रत्येकाला नेमके काय हवे आहे? ते विधेयक न मोडता देता येईल का? त्याला निवडणूक लढवायची आहे का? ज्याची मागणी पैशाने किंवा सवलतीने भागते, त्याला होकारात धरावे. ज्याची मागणी विधेयकाच्या मुळावरच येते, त्याला नकारात. मग परवडणाऱ्या गळतीशी बेरीज ताडून पाहावी.

आणखी एक गोष्ट. वर दिलेल्या तिन्ही वेळा विधेयक मंजूर झाले, पण पहिल्या मसुद्याप्रमाणे एकदाही नाही. अडलेल्या अनेक सिनेटरांनी त्यात काहीतरी बदलून घेतले. म्हणून पहिल्या मसुद्यातील आकड्यावर विसंबून कोणी माल विकू नये, कर्ज काढू नये की घाईने रक्कम मागवू नये. मंजुरीचा अंदाज वेगळा बांधावा आणि दराचा वेगळा. आज अमेरिकेतून पैसा येत असेल, तर पाठवणाऱ्याला रोखीऐवजी बँक खात्यातून पाठवायला सांगावे. १ टक्का तेवढ्यानेच वाचतो.