तक्रार नसलेले डोळे

आमच्या काकांनी सत्तरीपर्यंत दर दोन वर्षांनी चष्मा बदलला. नाक्यावरच्या दुकानात नंबर तपासून घ्यायचा आणि ‘डोळे दाखवून आलो’ असे घरी सांगायचे, हा त्यांचा शिरस्ता. पुढे डावीकडून येणारा माणूस एकाएकी समोर उभा ठाकल्यासारखा त्यांना वाटू लागला. जिन्याची शेवटची पायरी चुकू लागली. आम्ही सर्वांनी ते वयावर घातले. नेत्रतज्ज्ञांनी पाहिले तेव्हा डाव्या डोळ्याची नस बरीचशी सुकून गेली होती. काचबिंदू होता. वर्तमानपत्रातील बारीक अक्षर मात्र ते त्या दिवशीही वाचत होते.

हा विकार असाच फसवतो. डोळ्यात सतत एक पाणरस तयार होतो आणि सूक्ष्म वाटेने बाहेर झिरपतो. ती वाट अडली की दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतील दहा-बारा लाख तंतू हळूहळू मरू लागतात. बहुधा नजरेची कड आधी जाते, मध्य शेवटपर्यंत टिकतो. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. दुखत काहीच नाही. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूने गेलेली मिळत नाही. उरलेली राखता येते, एवढेच. म्हणून ‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ म्हणत वर्षे घालवणे धोक्याचे; धूसरपणाचे कारण मोतीबिंदूच आहे, हे तपासल्यावाचून ठरवायचे कोणी?

डोळ्याचा दाब साधारणतः 10 ते 21 असतो. परंतु दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू होऊ शकतो, म्हणून तेवढ्या आकड्यावर समाधान मानू नये. बाहुली मोठी करून नस पाहिली का, हे आवर्जून विचारावे. शंका असल्यास दृष्टिक्षेत्राची तपासणी होते. बाहुली मोठी केल्यावर काही तास अंधुक दिसते. तेव्हा ज्येष्ठांना एकटे पाठवू नये. चाळिशीत एकदा आणि साठीनंतर वर्षा-दोन वर्षांनी ही तपासणी व्हावी. दमा किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना सांगावे, कारण त्यानेही दाब वाढतो.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र गाजावाजा करीत येतो: डोळा लाल, दिव्यांभोवती रंगीत कडी, असह्य डोकेदुखी, ओकारी. घरात त्याला पित्त समजतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

उपचार बहुधा थेंबांचा, आणि तो बहुतेकांना जन्मभर. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे हलके दाबून धरावा. दुसरे औषध पाच मिनिटांनी. काही थेंबांनी दमा बळावतो, नाडी मंदावते, म्हणून हे आजार आधीच सांगावेत. हात थरथरत असेल तर हे काम घरातल्या कोणीतरी अंगावर घ्यावे, ‘घातले का?’ एवढे विचारून भागत नाही.

सख्ख्या नात्यात हा धोका कित्येक पटींनी अधिक असतो. म्हणून काकांच्या निदानानंतर बाबा आणि दोन्ही आत्या तपासून आल्या. धाकट्या आत्याच्या डोळ्यांत सुरुवात सापडली. तिची काहीही तक्रार नव्हती; ‘उगाच पैसे’ म्हणून ती जायलाही तयार नव्हती. आता रोज रात्री नऊ वाजता तिचा नातू थेंबांची बाटली घेऊन तिच्यासमोर उभा राहतो.