वास्तुदेवतेची दीपावली

दीपावली हा दिव्यांचा सण, असे आपण सारे म्हणतो. परंतु दिवा ठेवावयाचा तो कोठे, याचा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, हा सण खरोखर घराचा आहे. वसुबारसेस गोठा, नरकचतुर्दशीस अंगण व तुळशीवृंदावन, लक्ष्मीपूजनास देव्हारा आणि केरसुणीसुद्धा! एकेका तिथीस घराच्या एकेका अंगाचे पूजन होते आणि सणाच्या अखेरीस साऱ्या वास्तूची प्रदक्षिणा पूर्ण होते. 'वास्तु' हा शब्दच मुळी 'वस्', म्हणजे राहणे, या धातूपासून झाला आहे. जेथे माणसांसह देवही राहतात, ती वास्तु.

माहुलीच्या पायथ्यापासून माळशेज घाटापर्यंत पसरलेल्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांत कीर्तनाच्या निमित्ताने आमचे जाणेयेणे होत आले आहे. तेथील जुने घर म्हणजे लाकडी मेढी, वर आढे व वासे, त्यांवर गवत किंवा कौले, आणि भिंतींच्या ठिकाणी कारवीचा कुड. ही कारवी रानात सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. तिच्या काठ्या उभ्या गुंफून त्यांवर शेणमातीचे लिंपण केले की भिंत तयार होते. बाहेर अंगण, मग ओटी, तिच्या आत माजघर, आणि अगदी आत चूल व देव. परक्याने ओटीपर्यंत यावे, आप्ताने माजघरात, आणि देवापर्यंत घरच्याने. उंबरठा ही केवळ लाकडाची पट्टी नव्हे. ती मर्यादा आहे.

आमच्या शास्त्रकारांनी हाच विचार सूत्रबद्ध केला. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात भूमीचे 81 पदांत विभाजन करून 45 देवतांची स्थापना सांगितली आहे. वास्तुपुरुषाचे मस्तक ईशान्येस, आणि मध्यभागीची 9 पदे ब्रह्मदेवाची. अंगणाभोवती चारी बाजूंस शाला असणाऱ्या चतुःशाल घरांचे प्रकारही तेथे वर्णिले आहेत. मुरबाडच्या शेतकऱ्याने ही संहिता उघडली नसेल. पण घराला केंद्र असावे व मर्यादा असावी, हे त्यास कोणी शिकवावे लागले नाही.

हा विचार केवळ आपलाच आहे काय? चीन देशाकडे पाहावे. बीजिंगमधील 'सिहेयुआन' नावाची जुनी घरे आपल्या चतुःशालेचीच आठवण करून देतात. चार बाजूंस चार दालने, मध्ये आकाशाखाली मोकळे अंगण. मुख्य दालन उत्तरेस, त्याचे तोंड दक्षिणेकडे. फाटक बहुधा आग्नेय कोपऱ्यात, आणि आत शिरताच समोर आडभिंत. आपण दक्षिणेस यमाची दिशा मानतो. तेथे उत्तरेचे गार वारे पाठीवर घेऊन दक्षिणेचे ऊन अंगावर घेणे हेच शुभ. देश बदलला की चिन्ह बदलते. मात्र एक गोष्ट बदलत नाही. तेथे वर्षअखेरीस चुलीच्या देवाच्या ओठांस गोड पदार्थ लावतात, त्याचे कागदी चित्र जाळून त्यास स्वर्गी धाडतात, आणि नववर्षास नवे चित्र लावतात. दारावरील द्वारदेवतांची चित्रेही दरवर्षी नवी. म्हणजे चिन्ह एकदा कोरून ठेवल्याने भागत नाही; ते पुन्हा पुन्हा करावे लागते.

आमच्या मते घराचे मर्म हेच. शहापूर-मुरबाडच्या बाजूस वर्षाकाठी 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात अंगण वाहून जाते, कुडाचे लिंपण सुटते. म्हणून पाऊस सरला की गृहिणी माती आणते, अंगण चोपते, भिंती लिंपते, सारवते आणि मगच रांगोळी घालते. वारली पाड्यांत विवाहसमयी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर पालघाट देवीचा चौक लिहितात. तोही प्रत्येक विवाहास नवा. मातीचे घर दरवर्षी थोडे मोडते, म्हणूनच ते दरवर्षी हातांनी पुन्हा पावन होते.

आज गावोगाव पक्की घरे उभी राहत आहेत. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलास किमान 25 चौरस मीटर क्षेत्र आहे. गळक्या छपराखाली ज्या मातेने रात्ररात्र भांडी मांडली, तिला सिमेंटचे छप्पर मिळाले याचा आम्हांस आनंदच आहे. तिने कुडातच राहावे असे म्हणणे हा धर्म नव्हे. परंतु 25 चौरस मीटरांत ओटी व माजघर कोठून आणावे? आणि फरशीवर लक्ष्मीची पावले चिकटवून ठेवली म्हणजे ती बारा महिने राहतात खरी, पण उमटवावी कोणी लागत नाहीत. जे चिन्ह हाताला काम देत नाही, त्याकडे मनही फिरकत नाही.

म्हणून वाचकहो, घर कसलेही असो, तीन गोष्टी राखाव्यात. दाराला उंबरठा असावा व तो रोज पुसावा. दारापुढे हातभर तरी माती मोकळी ठेवून तेथे तुळस लावावी. आणि पावले दिवाळीस स्वहस्ते, ओल्या पिठाने काढावीत. घरातील लेकरांकडून काढून घ्यावीत. ती वेडीवाकडी उमटतील, दुसऱ्या दिवशी पुसलीही जातील. पुसली जावोत! पुढल्या वर्षी ती पुन्हा काढणारा हात घरात असणे, हीच लक्ष्मी.