पंपावरचे पातळ रक्त

ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या पाठीमागे एका मशीनसमोर ते चालवणारा तंत्रज्ञ, म्हणजे परफ्युजनिस्ट, बसलेला असतो. मशीनच्या पारदर्शक नळ्यांत आधी पाण्यासारखे क्षारांचे द्रावण भरलेले असते. चिमटा सुटतो, रुग्णाच्या शिरांमधले काळपट रक्त नळीत उतरते आणि काही क्षणांत सगळे लाल होते. ऑक्सिजनेटरमध्ये केसासारख्या बारीक, पोकळ तंतूंच्या आतून वायू वाहतो आणि बाहेरून रक्त. तिथे कार्बन डायऑक्साइड टाकून, ऑक्सिजन घेऊन लालभडक झालेले रक्त पंप महाधमनीत परत पाठवतो. मग पोटॅशियमचे द्रावण देऊन हृदय थांबवतात. पुढचा तास-दोन तास तो माणूस या मशीनवर जगतो.

आपल्याकडे ‘बायपास झाली’ म्हटले की हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे ऑपरेशन डोळ्यांपुढे येते. थिएटरमधला बायपास वेगळा: रक्ताने हृदय आणि फुप्फुसांना घातलेला वळसा. झडप बदलतानाही तो लागतो. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी 18 वर्षांच्या मुलीच्या हृदयाच्या पडद्यातले छिद्र बुजवले, तेव्हा 26 मिनिटे हृदय-फुप्फुसांचे सगळे काम मशीनने केले. ती वाचली. या मशीनसाठी गिबन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी वीसेक वर्षे घालवली होती.

मशीनवर माणूस जगतो, हे तेव्हाच सिद्ध झाले. आजचे संशोधन विचारते ते असे: त्या तासा-दोन तासांची किंमत शरीराचा कोणता अवयव मोजतो? अनेकदा उत्तर येते, किडनी.

याचे एक कारण त्या नळ्यांमधल्या द्रावणात आहे. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त असते. त्यात मशीनमधले सव्वा लिटर द्रावण मिसळले की रक्त पातळ होते. हिमोग्लोबिन 12 असेल तर ते 9 च्या आसपास येते. मुळात 9 असेल तर पावणेसातच्याही खाली. पंप तितक्याच वेगाने फिरतो, रक्तदाब ठीक दिसतो, पण प्रत्येक थेंबातला ऑक्सिजन कमी झालेला असतो. किडनीच्या आतल्या गाभ्याला एरवीही ऑक्सिजन जेमतेमच मिळतो. तुटवड्याचा पहिला फटका तिथे बसतो.

इटलीतले डॉ. मार्को रानुची यांनी हा हिशेब आकड्यात मांडला. त्यांच्या 2005 च्या अभ्यासात हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी होत्या. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे मिनिटाला पोहोचणारा ऑक्सिजन 272 मिलिलिटरच्या खाली गेला, की किडनी बिघडण्याचा धोका वाढतो, असे त्यातून दिसले. मग 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा पुरवठा मुद्दाम 280 च्या वर राखला गेला. किडनीच्या सौम्य इजा स्पष्टपणे कमी झाल्या. गंभीर इजांमध्ये मात्र फरक पडला नाही. हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

वरच्या बाईला हा हिशेब लावून पाहा. पंपाचा प्रवाह दर चौरस मीटरला 2.4 लिटर धरला, तर 12 हिमोग्लोबिनवाली 280 ची रेघ कशीबशी ओलांडते. 9 वाली 215 वर अडकते. परफ्युजनिस्टला मग प्रवाह वाढवावा लागतो, मशीनमधले द्रावण कमी ठेवावे लागते, नाहीतर रक्त चढवावे लागते.

मग सरळ रक्तच का चढवू नये? ‘ट्रिक्स-3’ या 2017 च्या चाचणीत 19 देशांतले जवळपास 5,000 रुग्ण होते. हिमोग्लोबिन 7.5 च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांची अवस्था, 9.5 च्या खाली जाताच रक्त दिलेल्यांपेक्षा वाईट झाली नाही. म्हणजे सढळ हाताने रक्त चढवल्याने फायदा दिसला नाही. सरासरीचा हा निष्कर्ष आणि टेबलावरच्या एका बाईचा 215 चा आकडा, दोन्ही एकदम डोक्यात ठेवून निर्णय घ्यायचा असतो. माझ्या मते परफ्युजनिस्टचे खरे कसब इथेच लागते, आणि रुग्णाच्या नातेवाइकांना बहुधा त्याचे नावही माहीत नसते.

2024 मध्ये एक वेगळी वाट पुढे आली. प्रथिने खाल्ली की किडनीचा रक्तपुरवठा वाढतो, हे जुनेच ज्ञान. तीन देशांतल्या 22 रुग्णालयांत 3,511 रुग्णांवर त्याचा उपयोग करून पाहिला गेला. निम्म्या रुग्णांना ऑपरेशनपासून जास्तीत जास्त तीन दिवस शिरेतून अमिनो आम्ले दिली. त्यांच्यातल्या 26.9 टक्क्यांच्या किडनीला इजा झाली, इतरांमध्ये 31.7 टक्क्यांच्या. सर्वांत गंभीर इजेचे प्रमाण 3 वरून 1.6 टक्क्यांवर आले. मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही, तरी इतक्या साध्या उपायाने एवढे साधावे, ही मोठीच गोष्ट आहे.

महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, म्हणजे त्यांचे हिमोग्लोबिन मुळातच कमी असते, आणि संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या तरुण बायका आपल्या रुग्णालयांत आजही येतात. घरात कोणाचे हृदयाचे ऑपरेशन ठरले असेल आणि ते तातडीचे नसेल, तर तारीख पक्की करण्याआधी हिमोग्लोबिन किती आहे आणि ते वाढवायला वेळ मिळेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.