सोन्याची धूळ आणि पाण्याचे मोल

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत खडी क्रशरवर काम करणारा चाळिशीचा एक रुग्ण आला. क्षयाची औषधे दोनदा घेऊन झाली होती. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते आणि दम मात्र वाढतच होता. ‘काम काय करता?’ हे त्याला आधी कुणी नीट विचारलेच नव्हते. एक्स-रे आणि त्याचे उत्तर शेजारी-शेजारी ठेवले, तेव्हा निदान झाले सिलिकोसिसचे. ‘‘डॉक्टरसाहेब, नुसती धूळच तर आहे,’’ तो म्हणाला.

ही ‘नुसती धूळ’ काय करू शकते, हे सोने शोधणाऱ्यांच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते. सोने पाण्याच्या सुमारे एकोणीस पट जड, तर वाळू जेमतेम अडीच पट. म्हणून नदीकाठी सोने मिळवणे त्यातल्या त्यात सोपे. आपल्या पूर्व विदर्भातले सोनझरी लोक नदीची वाळू पाण्यात घोळून सोन्याचे कण वेगळे करत. हलकी वाळू वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. पण जिथे पाणीच नाही, तिथे काय करायचे?

पश्चिम ऑस्ट्रेलियात १८९२ साली कूलगार्डी येथे आणि पुढच्याच वर्षी कॅलगूर्ली येथे सोने सापडले. हजारो माणसे त्या रखरखीत प्रदेशात धावली. नदी नाही, पाऊस तुटपुंजा, जमिनीखालचे पाणी खारट. ते लाकडे जाळून उकळायचे, वाफेचे पाणी करायचे आणि ते विकत घेऊन प्यायचे. अशा पाण्यात माती कोण धुणार? मग लोकांनी आपला शेतकरी खळ्यावर धान्य उपणतो तसे सोने उपणायला सुरुवात केली. एक परात डोक्याइतकी उंच धरायची, माती खालच्या परातीत ओतायची. वारा माती उडवून नेतो आणि जड सोने खाली पडते. पुढे याच कामासाठी भाते लावलेल्या चाळण्या आल्या.

खळ्यावर उडतो तो भुसा. इथे उडत होती दगडमाती, आणि तिच्यात क्वार्ट्झ म्हणजे सिलिका असते. धुळीचे मोठे कण नाकात, घशात अडकतात. पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण, जे डोळ्यांना दिसतही नाहीत, ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या संरक्षक पेशी सिलिका गिळतात आणि मरतात. त्या जागी व्रणासारख्या कडक गाठी होतात. हे नुकसान भरून येत नाही. शिवाय अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात. म्हणजे धूळकाम करणाऱ्याला क्षय नसताना तो आहे असे वाटू शकते, आणि खरोखरच होण्याचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो.

पाण्याच्या टंचाईने त्या छावण्यांत विषमज्वरही पसरला आणि अनेक तरुण त्यात दगावले. १९०३ साली पाचशे किलोमीटरहून लांब जलवाहिनीतून समुद्रकिनाऱ्याजवळच्या धरणाचे पाणी तिथे पोहोचले.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. २०१० साली उत्तर नायजेरियातील झाम्फारा राज्यात लहान मुले झटके येऊन मरू लागली. आधी हिवतापासारख्या आजारांचा संशय आला. रक्ततपासणीत सापडले शिसे. सोन्याचे भाव चढल्यामुळे गावकरी आसपासच्या खाणींतून दगड आणत आणि पीठ दळण्याच्या गिरण्यांत तो कोरडाच दळत. त्या दगडात सोन्याबरोबर भरपूर शिसे होते. धूळ अंगणात, अंथरुणावर, भांड्यांवर बसली. रांगणारी मुले ती हातांवाटे तोंडात घालत होती. रक्तात डेसिलिटरमागे ४५ मायक्रोग्रॅम शिसे असले की मुलांना ते बाहेर काढणारे औषध देतात. तिथे अनेकांत हे प्रमाण शंभरच्या वर होते. चारशेहून अधिक मुले दगावल्याचा अंदाज आहे.

औषधे होती, पण मूल बरे होऊन त्याच अंगणात परतले तर पुन्हा विषबाधा ठरलेली. म्हणून आधी घरांभोवतालचा मातीचा थर खरवडून काढावा लागला. बागेगा या मोठ्या गावात हे काम २०१३ साली झाले, तोवर तिथली मुले उपचारांची वाट पाहत राहिली. दळण गावाबाहेर नेणे आणि दगड ओला करून दळणे, हेच तिथले खरे प्रतिबंधक उपाय. ओली धूळ उडत नाही, इतके ते साधे आहे.

आपल्याकडे खडी, दगडखाण, वाळूकाम, फरशी कापणे, सराफ बाजारातला केर चाळणे, अशी कामे करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दगड फोडताना, कापताना पाणी मारा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी पडतो. कामाचे कपडे घराबाहेर बदला, ते वेगळे धुवा, आणि अंग धुतल्याशिवाय मुलाला उचलू नका. खोकला किंवा दम दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, तर डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगा, त्यांनी विचारले नाही तरी. आणि आम्ही डॉक्टरांनी ते विचारायलाच हवे.

त्या रुग्णाला मी विचारले, क्रशरवर पाण्याचे फवारे नाहीत का? ‘‘आहेत की,’’ तो म्हणाला, ‘‘पण उन्हाळ्यात बंदच असतात. टँकर परवडत नाही म्हणतात.’’

टँकरचा हिशेब मालकाच्या वहीत असतो. त्या माणसाच्या फुप्फुसांचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नव्हता. तो आमच्या केसपेपरवर आला, तेव्हा फार उशीर झाला होता.