नेरळ ते माथेरान: दोन फुटी रुळांवरची चढण

नेरळ–माथेरान ही दोन फुटी रुळांची डोंगरी रेल्वे. रायगड जिल्ह्यातल्या नेरळ स्थानकातून, म्हणजे समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर उंचीवरून ती निघते आणि सुमारे २१ किलोमीटरची वाट कापून ८०० मीटरवरच्या माथेरानला पोचते. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर दोन्ही गावांतले अंतर याच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरते. बाकी सगळे वळणांत जाते. निलगिरीच्या रेल्वेत रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवून इंजिनाला चढावर धरून ठेवले आहे. इथे तो आधार नाही. लोखंडी चाकाने लोखंडी रुळावर जेवढी पकड मिळवावी तेवढ्यावरच चढायचे. म्हणून चढ २० फुटांना एक फूट याहून कडक होऊ दिला नाही, त्यासाठी वाट लांबवली, आणि लांबवलेली वाट डोंगराच्या अंगावर मावावी म्हणून वळणे आवळली. सगळ्यात आवळ वळणांची त्रिज्या ६० फूट आहे. अशा वाटेवर गाडी ताशी २० किलोमीटरच्या पुढे जात नाही, आणि वर पोचायला अडीच तासांहून अधिक लागतात.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानचा डोंगर पाहिला आणि मुंबईकरांना हवापालटाची जागा मिळाली. पुढची पन्नासेक वर्षे लोक पायी, घोड्यावर किंवा पालखीतून वर जात. रेल्वे बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर. १६ लाख रुपये खर्च आला आणि मार्च १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. सरकारी तिजोरीकडे न पाहता एका व्यापारी घराने डोंगरावर रेल्वे नेली, ही गोष्ट आज जितकी सांगितली जाते त्याहून जास्त सांगायला हवी.

आवळ वळणांचा खरा पेच इंजिनापुढे होता. इंजिनाला तीन आस आणि सहा चाके. तिन्ही आस बाहेरून दांड्यांनी एकमेकांना जखडलेले, म्हणजे तिघांनी कायम समांतर राहायला हवे. वळणावर मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांना रुळाबरोबर तिरके व्हायचे असते. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्यातून आलेल्या चार इंजिनांत यावर क्लीन-लिंडनर पद्धतीचा तोडगा होता. पहिला आणि तिसरा आस दुहेरी. आत एक भरीव आस. त्याची टोके चौकटीबाहेर येऊन दांड्यांना जोडलेली, त्यामुळे तो सरळच राहतो. त्याच्याभोवती एक पोकळ आस, आणि चाके या पोकळ आसावर बसवलेली. दोहोंचा सांधा फक्त मधोमध, गोलाकार; खांद्याचे हाड खोबणीत फिरते तसा. आतला आस ताकद पोचवतो, बाहेरचा चाकांसकट वळणाप्रमाणे तिरका होतो. ही इंजिने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राबली. जोडीला डिझेल इंजिने १९५० च्या दशकातच आली होती. आता वाफेच्या इंजिनासारखे दिसणारे इंजिनही कधी गाडीला लावतात, पण त्याच्या पोटात डिझेलच असते.

चढण्याइतकेच अवघड उतरणे. पूर्वी डब्यांवर ब्रेक पोर्टर असत. चालक शिट्टी देई, आणि तिच्या इशाऱ्यानुसार हे लोक हाताने चक्र फिरवून ब्रेक आवळत किंवा सैल करत. सगळ्यांचे हात एकाच वेळी चालायला हवेत. एकाने उशीर केला तर मागचा डबा पुढच्यावर रेटा देणार. पावसात, धुक्यात, डब्याच्या टोकाला उभे राहून उतारभर हे काम करायचे. एवढी वर्षे प्रवासी निर्धास्त खाली आले ते या मनगटांच्या जोरावर, पण लेखांत आणि फोटोंत जागा मिळाली ती इंजिनांना. मे २०१६ मध्ये अमन लॉजजवळ डबे रुळांवरून घसरले, सेवा थांबली, आणि त्यानंतर डब्यांना एअर ब्रेक बसले.

वाटेत जुम्मापट्टी आणि वॉटर पाईप ही स्थानके, शिवाय एकच बोगदा. त्याचे नाव वन किस टनेल; मुलांनी कारण विचारले की आईवडील खिडकीबाहेरचे काहीतरी दाखवू लागतात. बोगदा संपतोही लगेच. वॉटर पाईपच्या पुढे अमन लॉज आणि शेवटी माथेरान.

मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला उतरता येते. पुणेकरांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल धरावी. इथवर सोपे आहे. खरी अडचण तिकिटाची. गाड्या दिवसातून मोजक्या, डबे छोटे, आणि शनिवार-रविवारी तिकीट खिडकीवरची रांग गाडीपेक्षा लांब. मुलांना गाडी दाखवायचीच असेल तर आठवड्यातला मधला वार निवडावा आणि सकाळी लवकर नेरळ गाठावे. सतत वळणे असल्याने काही मुलांना मळमळते. निघण्यापूर्वी पोटभर वडापाव टाळलेला बरा.

दुसरी अडचण पावसाची. माथेरान सगळ्यात सुंदर दिसते ते पावसाळ्यात, आणि नेमकी तेव्हाच नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. जूनच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरपर्यंत. ही सावधगिरी अनुभवातून आली आहे. २६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग उखडला आणि तो पूर्ववत व्हायला २००७ उजाडले. २०१९ च्या पावसात भराव वाहून गेले, तेव्हा नेरळ ते अमन लॉज हा टप्पा ऑक्टोबर २०२२ पर्यंत बंद राहिला. दरम्यान तारेच्या जाळीत दगड भरून आधारभिंती उभ्या केल्या. तरीही डोंगर दरवर्षी थोडा खाली येतोच, म्हणून दिवाळीच्या सुट्टीचा बेत करणाऱ्यांनी गाडी सुरू झाल्याची खात्री करूनच निघावे.

गाडी नसेल किंवा तिकीट मिळाले नाही तर नेरळ स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत नेते. त्यापुढे मोटारींना बंदी आहे. नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकातून माथेरानपर्यंत शटल चालते, बहुतेक वेळा पावसाळ्यातही. आजी-आजोबा आणि लहान मुले सोबत असतील तर हाच पर्याय शहाणपणाचा: गाडीत बसल्याचा आनंद मिळतो आणि अडीच तास एका जागी बसणे टळते. शटलमध्ये जागा नसेल तर तीनेक किलोमीटर तांबड्या मातीची वाट चालायची, घोडा घ्यायचा किंवा ई-रिक्षा पाहायची. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. सामानासाठी हमाल मिळतात; दर आधी ठरवावा. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नये, माकडे ती हिसकावतात.

परतीचे तिकीट वेगळे काढावे लागते, आणि खाली येणाऱ्या गाडीतल्या जागाही तेवढ्याच मोजक्या. म्हणून पुष्कळ कुटुंबे गाडीने वर जातात आणि दस्तुरीहून टॅक्सीने उतरतात. संध्याकाळी टॅक्सीलाही रांग लागते, तेव्हा मुंबईची लोकल गाठायची असेल तर बाजारातून दुपारीच निघावे.