परक्याची मदत आणि आपला रांजण



ऐन पेरणीत घरचा कर्ता माणूस थंडीतापाने आडवा झाला, तर वाफसा काही त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून आज पिकाऐवजी हिवतापाविषयी लिहितो.

आमच्या लहानपणी गावात औषध फवारणारे येत आणि भिंतीवर तारीख लिहून जात. या कामामागे पैसा कोणाचा होता, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

१९४७ च्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेने डीडीटी, पंप व गाड्या दिल्या. युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने दिल्लीत डीडीटीचा कारखाना निघाला. १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. रोग गेला, असे सर्वांना वाटले. मग बाहेरची मदत आटली, औषध वेळेवर मिळेना, कामात ढिलाई आली आणि डासही डीडीटीला दाद देईनात. १९७६ साली रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले!

पुढे १९९७ साली जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्रासह काही राज्यांच्या आदिवासी भागांत काम झाले. २००२ साली जागतिक निधी स्थापन झाला. श्रीमंत देश त्यात पैसे घालतात. गरजू देश योजना मांडतात आणि काम दाखवले की पुढचा पैसा मिळतो. त्यातून मच्छरदाण्या, तपासणी, औषधे येतात. भारत या निधीतून घेतो तसा त्यात देतोही. पण २०२५ साली अमेरिकेने परदेशी मदतीला कात्री लावली आणि आफ्रिकेतील अनेक ठिकाणची कामे अडली.

अनुदानावर ठिबक बसवले, पण गाळणी कधी धुतलीच नाही, तर पीक वाळणारच. हिवतापाचेही तसेच आहे. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण, हौद, जनावरांची पाण्याची टाकी रिकामी करून, घासून कोरडी करा. मोठ्या हौदात, न वापरातल्या विहिरीत गप्पी मासे सोडा. रात्री मच्छरदाणी लावा. ताप आला की अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी व औषध मोफत मिळते. बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडू नका.

मदत आली तर घ्यावी, पण आपला रांजण धुवायला परका येणार नाही. तो आपणच धुवायचा.