पेशींची पकड

बोटात काटा रुतला, की थोड्याच वेळात ती जागा लाल होते व सुजते. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे जमू लागल्याची ही एक खूण होय. परंतु वेगाने वाहणाऱ्या रक्तातून त्या नेमक्या तेथेच कशा थांबतात? त्या भागातील रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिने प्रकट होतात. पांढरी पेशी त्यांना क्षणभर धरते, सोडते, पुन्हा धरते आणि अस्तरावरून गडगडत जाते. मग तिच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन ही प्रथिने घट्ट पकड घेतात. पेशी स्थिरावते व वाहिनीबाहेर पडते. काही बालकांत इंटिग्रिनचा एक घटक जन्मतःच सदोष असतो. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी विपुल असूनही जखमेपर्यंत पोहोचत नाहीत. विकार तीव्र असल्यास उपचारांवाचून ती बहुधा बालपणीच दगावतात.

कर्करोगात याच्या उलट प्रकार आढळतो. शेजारच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन अनेक कर्कगाठींत कमी होते. पकड सुटलेली पेशी मग रक्तावाटे दूर जाते आणि तेथे नवी पकड शोधते.

ही पकड प्रत्यक्ष पाहणे मात्र फार काळ अशक्य होते. सुमारे २०० नॅनोमीटरांहून जवळ असलेले दोन बिंदू साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकातून वेगळे दिसत नाहीत, ही मर्यादा आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिली होती. प्रथिनांचे रेणू तर त्याहून कितीतरी लहान! दुरून पाहिले असता दीपमाळेवरील सर्व दिव्यांचा मिळून एकच उजेड दिसतो. पण दिवे एकेक करून लावले, तर प्रत्येकाची जागा टिपून घेता येईल. बेट्झिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमके हेच केले. प्रथिनांना चमकणारे रेणू जोडून त्यांनी एका वेळी थोडेच रेणू उजळविले, प्रत्येक ठिपक्याचा मध्य गणिताने ठरविला आणि अशा हजारो चित्रांतून एक नकाशा सिद्ध केला. सूक्ष्मदर्शनातील अशा कार्याबद्दल २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना, मोर्नर यांना व हेल यांना मिळाले.

या पद्धतीने २०१० मध्ये असे दिसून आले, की पेशी जेथे आधाराला चिकटते तेथे इंटिग्रिन आणि पेशीच्या आतील ॲक्टिनचे तंतू यांच्यामध्ये सुमारे ४० नॅनोमीटरांचे अंतर असते व त्यात निरनिराळी प्रथिने थरांनी रचलेली असतात. म्हणजे पेशींचे चिकटणे हे डिंकाने कागद चिकटविण्यासारखे नव्हे. ती एक यंत्रणा आहे; आणि धरणे व योग्य वेळी सोडणे, या दोहोंवर आपले आरोग्य अवलंबून आहे.